वैधता तेरा दिवस

आमच्याकडे आग्रा रोड म्हणजे
टायरची दुकानं, लोखंडाच्या वखारी,
द्वारकेचा चौक आणि तिथे अडकलेला माणूस.
आग्रा रोडनं आग्र्याला कुणी जात नाही.
आडगाव नाक्यापर्यंत जातात, लग्न असलं तर ओझरला,
फार झालं तर पिंपळगावच्या टोलअलीकडून
पेटीभर द्राक्षं घेऊन परत.

मीही त्यातलीच.

अकरा वर्षं अंबडच्या कारखान्यात डिस्पॅचला होते.
काचेआडून पॅनल रवाना करायचे,
इंदूर, कानपूर, सिलीगुडी, गुवाहाटी.
बिलावर अंतर टाकायचं. दोनशे किलोमीटरला एक दिवस,
त्या हिशेबानं गुवाहाटीची वैधता तेरा दिवस.
सही माझी. गाडी दुसऱ्याची.

इम्दाद अली नावाचा ड्रायव्हर यायचा, बारपेट्याचा.
गेटपास होईस्तोवर दारात उकिडवा बसून
बशीतून चहा प्यायचा. एकदा म्हणाला,
मॅडम, सिलीगुडीच्या पुढं काच खाली ठेवायची,
चहा भाजल्याचा वास येतो मैलोन् मैल.
मी म्हटलं, हो का,
आणि पिनकोड पुन्हा तपासला.

जानेवारीत सुटले.
अकाउंट्सला पगार नावाचे साहेब आहेत
(हसू नका, कळवणकडे घरटी पगार भेटतील).
त्यांनी विचारलं, पुढं कुठं?
चाकणला, एक मार्चपासून.
आणि मधले एकतीस दिवस?
ते त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसेनात.
रजा म्हणावी, तर रजेला मंजूर करणारा लागतो.

सातपूरच्या नईमनं गाडीखाली सरकून पाहिलं.
नऊ वर्षांची वॅगनआर, तिची नाडी बघावी तसं.
कूलंट बदलू, बेल्ट एक जादा ठेवा, म्हणाला,
आणि स्टेपनीत हवा नाही ताई,
म्हणजे स्टेपनीच नाही.

रात्री ओट्यावर नकाशा पसरते.
राहूड घाट, मालेगाव, धुळे, शिरपूर, पळासनेर,
इथवर पाट्या आपल्या.
सेंधव्यापासून लिपी तीच, बोलणं दुसरं.
किशनगंजच्या पुढं देश इतका चिंचोळा होतो
की माझ्या अंगठ्याखाली झाकला जातो.
अंगठा उचलते. आहे अजून.

एकटीच? वहिनी म्हणाली.
एकटी? शेजारच्या तुंगारकाका.
एकटी, असं नुसतंच, आमचा वॉचमन.
एकाच शब्दाला किती चाली असतात.
भाऊ म्हणाला, विमानानं जा की, दुपारपर्यंत पोचशील.
त्याला कसं सांगू, मला गुवाहाटी नकोच आहे.
मला मधलं हवंय,
जे अकरा वर्षं मी एका आकड्यात लिहीत आले.

भीती वाटते. वाटत नाही असं नाही.
दोनला जाग येते, मग गोरखपूरचं धुकं दिसतं,
ढाब्यामागचा कडी नसलेला संडास दिसतो.
यादीत लिहिलंय: टॉर्च, दोरी, शिट्टी.
शिट्टी कशाला, ते वहिनीला सांगितलं नाही.

इम्दादचा नंबर जुन्या रजिस्टरातून उतरवून आणला होता.
काल लावला.
बाईचा आवाज. असमिया असेल, बांगला असेल,
मला अक्षर कळेना. पाठीमागं कोंबड्या.
मी म्हटलं, इम्दाद, ट्रक, नाशिक.
नाशिक, ती म्हणाली. थांबली.
मग एकदम हसून, नाशिक! पियाज!
हो, मी म्हटलं, हो हो, पियाज.
एवढंच बोलणं झालं. चार मिनिटं लागली त्याला.

सकाळी बाजारात गेले. दहा किलो, म्हटलं.
कांदेवाला पोतं धरून म्हणाला,
लाल आहे बरं, उन्हाळ नव्हे,
पंधरा दिवसांच्या वर टिकायचा नाही.

तेरा धरलेत, म्हटलं. भरा.